कुटुंब निवारा, नव्याने आलेली कुटुंबं आणि मदतीला येणारी माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या निवाऱ्याच्या फोनवर दोन तऱ्हेचे निरोप येतात. एक असा : "गावाकडून निघालोय, सोबत बायको अन् तीन लेकरं, जागा हाय का?" दुसरा : "मला मदत करायची आहे, काय करू?" दोन्हीकडचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते एका जागी लिहून काढले. आधी येणाऱ्यांचे, मग मदत करणाऱ्यांचे, शेवटी अवघड प्रसंगांचे. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा. उत्तराचा काही भाग दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कुटुंब निवारा म्हणजे काय? धर्मशाळा किंवा बेघरांचं रात्र निवारा केंद्र हे तेच ना?

तिन्ही वेगळं. धर्मशाळा वाटसरूसाठी असते. नांदेडला हुजूर साहिबला उतरलात तर लंगरात पोटभर जेवाल, यात्री निवासात पाठ टेकाल. २०२० च्या टाळेबंदीत हजारो यात्रेकरू तिथेच अडकले होते आणि गुरुद्वाऱ्याने त्यांना सांभाळलं. पण यात्रेकरूला परत जायला घर असतं. बेघर निवारा केंद्रं नगरपालिका-महापालिका चालवतात. शहरी उपजीविका अभियानाचा निकष असा होता की दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय असावी आणि माणशी ५० चौरस फूट जागा मिळावी. बऱ्याच केंद्रांत पुरुषांचा हॉल आणि बायकांचा हॉल वेगळा असतो. नवरा इकडे, बायको-लेकरं तिकडे.

कुटुंब निवाऱ्यात घर एकत्र राहतं. एक खोली, एक चूल, दाराला आतून कडी. ती कडी फार मोठी गोष्ट आहे, हे पालात किंवा स्टँडवर आठ दिवस काढलेल्या बाईला विचारा.

२. इथे कोण येतं? फक्त दुष्काळी गावांतलेच का?

आष्टी-पाटोदा, शिरूर कासार, भूम-परंड्याकडचे जास्त, हे खरं. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलात पट्टा पडतो (हंगाम संपतो). टोळी गावी परतते, तेव्हा गावात ना काम ना पाणी. काही कोयते (नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात) तेव्हाच ठरवतात की पुढच्या साली ऊस नको, शहरच बरं. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुराने दुष्काळी म्हणवणाऱ्या याच पट्ट्यातली जमीन खरवडून नेली, त्यानंतर शेती असलेलेही आले. घाटी या सरकारी दवाखान्यात पेशंट असलेली कुटुंबं येतात, उपचार लांबले की इथेच काम शोधतात. बिहार-उत्तर प्रदेशातून वाळूज, शेंद्रा, जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यांकडे आलेलेही असतात. नवऱ्याने टाकलेल्या बायका येतात (प्रश्न १९).

३. आमच्याकडे कागदच नाहीत. तरी घ्याल का?

घेऊ. पहिल्या रात्री आम्ही नाव, गाव आणि घरातल्या एका नातेवाइकाचा फोन एवढंच विचारतो. पोलीस ठाण्याला नोंद द्यावी लागते, ती आम्ही देतो.

"कागद नाहीत" असं म्हणणाऱ्या दहापैकी आठ जणांकडे काही ना काही असतंच. मागे एक आजी आल्या, म्हणाल्या काहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची युरियाची गोणी उघडली. तवा, परात, दोन लुगडी, त्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत सुरळी करून बांधलेली पासबुकं, नातवाचं लसीचं कार्ड आणि मालकाच्या (नवऱ्याच्या) मृत्यूचा दाखला. त्यांच्या लेखी 'कागद' म्हणजे सातबारा, आणि तो नव्हता. म्हणून येताना एकच करा : घरात लिहिलेलं, शिक्का असलेलं जे जे असेल ते सगळं घेऊन या. निवडायचं काम आमचं.

४. किती दिवस राहता येतं? म्हातारे आई-वडील आणि थोरला मुलगा सोबत चालतात का?

आमच्याकडे तीन महिने, गरज असेल तर आणखी एक. ठिकाणागणिक नियम वेगळे, आधी फोन करून विचारा. आई-वडील चालतात. थोरल्या मुलाची अडचण फक्त महिलांच्या शासकीय निवासांत येते, ते १९ व्या प्रश्नात सांगितलं आहे. शेळी-बकरी चालत नाही, आणि हा प्रश्न गमतीने कुणी विचारत नाही.

५. रेशन कार्ड गावाकडचं आहे. इथे धान्य मिळेल का?

अन्नसुरक्षेच्या यादीत नाव असेल (अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंब), तर देशातल्या कोणत्याही रेशन दुकानात मिळतं. 'एक देश एक रेशन कार्ड' ही सोय आता सगळ्या राज्यांत आहे. बिहारचं कार्ड जालन्यात चालतं, बीडचं कार्ड इथे. कार्ड बदलायचं नाही, नाव कमी करून आणायचं नाही. बारा अंकी नंबर किंवा आधार सांगायचा, मशीनवर अंगठा ठेवायचा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला घरामागे ३५ किलो. सासू-सासरे गावी आणि तुम्ही इथे असाल, तर थोडं तिकडे थोडं इकडे असंही उचलता येतं. दुकानदार "तुमचं कार्ड आमच्या दुकानचं नाही" म्हणाला, तर तिथेच उभं राहून १४४४५ लावा. आमचा अनुभव असा की फोन कानाला लागला की मशीन चालू होतं.

दोन अडचणी नेहमीच्या. पहिली अंगठ्याची. कोयता आणि विटा धरून बोटांच्या रेषा पुसल्या जातात, मशीन ओळखतच नाही. दुसरं बोट ठेवून बघा, हात कोमट पाण्याने धुऊन सकाळी कामाआधी जा, नाहीतर डोळ्यांचं स्कॅन किंवा मोबाइलवर ओटीपी मागा. दुसरी अडचण खास आपल्याकडची. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी खात्यात रोख रक्कम देण्याची योजना आहे. त्यांचं धान्य इथल्या दुकानात निघत नाही आणि ते दुकानदाराशी उगाच भांडत बसतात. तुमचं कार्ड त्यातलं असेल तर बँकेचं खातं चालू आहे का तेवढं तपासा.

६. टीसी नाही, वर्षही अर्धं संपलं. शाळा मुलांना घेईल का?

६ ते १४ वयाच्या मुलाला घ्यावंच लागतं. शिक्षण हक्क कायदा (२००९) स्पष्ट सांगतो : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, टीसी यायला उशीर झाला म्हणून थांबवता येत नाही, आणि प्रवेशाची मुदत संपली हेही कारण चालत नाही. मूल वयाप्रमाणे त्या वर्गात बसतं. दहा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवायचं नाही. जुन्या शाळेत नाव असेल तर नवी शाळा 'सरल'वर (शाळांच्या ऑनलाइन नोंदीवर) विनंती पाठवते आणि जुनी शाळा ती मंजूर करते. टीसीसाठी बापाने दोन दिवसांची हजेरी बुडवून गावी जाण्याची गरज नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी राज्याने शिक्षण हमी कार्डही काढलं आहे. निघताना गावच्या गुरुजींकडून ते घ्या, पोचाल त्या शाळेत ते दाखवा.

कायदा एवढा सरळ, तरी एका शाळेने आमच्या एका आईला तीन वेळा परत पाठवलं होतं. पहिल्यांदा टीसी, मग रहिवासी दाखला, मग "साहेब रजेवर आहेत". चौथ्यांदा आमच्या एक निवृत्त शिक्षिका, जोशीकाकू म्हणू या, सोबत गेल्या. त्या काही बोलल्याच नाहीत. नुसत्या खुर्चीवर बसून राहिल्या आणि वहीत वेळ लिहून घेतली. पाऊण तासात प्रवेश झाला. सोबत जाणं म्हणजे काय (प्रश्न १४), ते आम्ही त्या दिवशी शिकलो.

चौदाच्या पुढच्या मुलांना हा कायदा लागू नाही. नववी-दहावीला शाळा टीसी मागतात, ती गावाहून मागवायला आम्ही मदत करतो. शाळा सुटून दोन-तीन वर्षं झाली असतील तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं.

आणखी एक. हंगामापुरतंच बाहेर पडत असाल आणि आजी-आजोबा गावी असतील, तर गावच्या शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय आहे का ते आधी विचारा. मूल गावीच राहतं, शाळा सुटत नाही. आमच्याकडे येण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

७. लेकरू दीड वर्षाचं आहे, सून पाच महिन्यांची गरोदर. अंगणवाडीत इथला पत्ता मागतील का?

अंगणवाडीची सेवा जिथे राहता तिथे मिळते. गावच्या सेविकेला सांगून निघालात तर त्या ऑनलाइन नोंद इकडे वळवू शकतात. लसीकरणाचं आणि गरोदरपणाचं कार्ड कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालतं, ते हरवू नका. निवाऱ्यात आल्याच्या दिवशी सेविकाताई आणि आशाताई यांना निरोप देणं हे आमचं पहिल्या दिवसाचं काम आहे. रेशनच्याही आधीचं.

८. आधारवर गावचा पत्ता आहे. बदलून घेऊ का? आणि मतदान?

घाई करू नका. रेशन, बँक, शाळा, दवाखाना यांतल्या कशासाठीही आधारवरचा पत्ता बदलावा लागत नाही. गावाकडच्या योजना, पीकविमा, घरकुलाची यादी यांत मात्र गोंधळ होऊ शकतो. वर्षभर शहरात टिकलात की मग ठरवा.

बदलायचाच असेल तर नोंदवलेला भाडेकरार चालतो (प्रश्न १०). कुटुंबप्रमुखाचं आधार इथल्या पत्त्यावर असेल तर त्यांच्या संमतीने बाकीच्यांचं बदलतं. आधारच नसेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्रही चालतं. 'मान्यताप्राप्त' हा शब्द महत्त्वाचा. कुणाही संस्थेच्या लेटरहेडवर काम होत नाही.

मतदानासाठी, आधीच नाव असेल तर स्थलांतराचा नमुना ८, नसेल तर नमुना ६. रस्त्यावर राहणाऱ्यालाही मतदार होता येतं. तो जिथे झोपतो म्हणून सांगतो, तिथे बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारे अधिकारी) एकापेक्षा जास्त रात्री जाऊन माणूस खरोखर तिथे झोपतो का ते बघतात. बघितलं की पत्त्याचा कागद लागत नाही. निवडणूक आयोगाने हे फार शहाणपणाचं केलं आहे.

९. काम मिळवून देता का?

आम्ही कामाची हमी देत नाही, ओळख करून देतो. नव्या माणसाला मजूर अड्ड्यावर उभं राहिल्यावर पहिला आठवडा कुणी उचलत नाही. ठेकेदार आधी चेहरा बघतो, गाव विचारतो, कुणासोबत आलास ते विचारतो. म्हणून पहिले चार दिवस आमच्यातला एखादा जुना गवंडी त्याला सोबत नेतो. बिगारी, पेंटरच्या हाताखाली, हॉटेलात भांडी, हाऊसकीपिंग, असं सुरू होतं. बायकांना धुण्या-भांड्याचं काम ओळखीवरच मिळतं, कारण घराची किल्ली अनोळखी माणसाला कुणी देत नाही.

दोन नोंदी लगेच करा. ई-श्रम कार्ड (वय १६ ते ५९). आणि बांधकामावर असाल तर बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी. तिला वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते ठेकेदार देत नाहीत, त्यांना वाटतं पुढे काहीतरी गळ्यात येईल. म्हणून पहिल्या दिवसापासून हजेरीची डायरी ठेवा : तारीख, साइट, ठेकेदाराचं नाव. या नोंदणीची फी नाममात्र आहे. "करून देतो, दीड हजार द्या" म्हणणारा एजंट भेटेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

१०. निवाऱ्यातून निघताना भाड्याची खोली कशी मिळते? मालक 'बाहेरचे' म्हणून नाही म्हणतात.

मालकाला भीती दोन गोष्टींची : भाडं थकेल आणि माणसं वाढतील. आमचे स्वयंसेवक मालकाला आधीच भेटतात आणि सांगतात की या घरात पाच जण आहेत, काही वाटलं तर मला फोन करा. निम्मं काम तिथेच होतं. डिपॉझिटसाठी आमचा एक गल्ला आहे, त्यातून उसने मिळतात आणि महिन्याला थोडे थोडे परत करायचे. देणगी म्हणून देत नाही, का ते प्रश्न १७ मध्ये.

करार लिहून आणि नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. तो नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे वाक्य मालकाला गोड आवाजात सांगावं, धमकी म्हणून नाही.

आमची सुरुवातीची चूक इथे सांगायलाच हवी. एका कुटुंबाला खोली घेऊन दिली, डिपॉझिट दिलं, पेढे वाटले. बाराव्या दिवशी ते सामानासकट निवाऱ्याच्या दारात. का? तर नळाला पाणीच आलं नव्हतं. या शहरात पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येतं आणि येतं तेव्हा भरून ठेवायचं असतं, हे आपल्याला अंगवळणी पडलंय. गावच्या हापशावर वाढलेल्या माणसाला ते कोण सांगणार? त्यांच्याकडे दोन घागरी होत्या. शेजारणीला विचारायला ती बाई लाजली, कारण शेजारीण नव्या ओळखीची. तेव्हापासून खोलीच्या किल्लीसोबत आम्ही २०० लिटरचा झाकणाचा निळा ड्रम देतो, पाण्याचा वार आणि वेळ भिंतीवर खडूने लिहितो आणि शेजारच्या घरी नेऊन ओळख करून देतो.

गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर केवळ ओळखपत्रावर मिळतो. उज्ज्वलासाठी स्थलांतरितांना पत्त्याचं स्वयंघोषणापत्र चालतं.

११. मुलीला जातीचा दाखला हवा. इथल्या तहसीलमधून निघेल का?

बहुतेक वेळा नाही, आणि लोक इथेच सर्वांत जास्त हेलपाटे घालतात. दाखला निघतो तो तुमचं घराणं ठरलेल्या तारखेला जिथे राहत होतं तिथून. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे बाप-आजा त्या वेळी ज्या तालुक्यात होते तिथे जायचं.

पुरावा म्हणून आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा सर्वांत भक्कम. आपल्याकडे पेच असा की जुनी कागदपत्रं निजामाच्या राजवटीतली, उर्दू किंवा मोडीत लिहिलेली. खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) सापडलं तरी वाचणारा माणूस शोधावा लागतो. आजा शाळेतच गेला नसेल तर आणखी कठीण. अशा वेळी भावकीत कुणाचा दाखला आधी निघालाय का ते पाहा. चुलत्याचा निघाला असेल तर वाट सोपी होते.

१२. कागदांवर औरंगाबाद, उस्मानाबाद लिहिलंय. नवे काढावे लागतील का?

नाही. नावं २०२३ मध्ये बदलली, तुमचे कागद त्यामुळे बाद झाले नाहीत. अडतं ते माणसाच्या नावावर. आधारवर लक्ष्मीबाई, रेशनवर लक्षुमबाई, पासबुकात एल. बी. हे मात्र आधी सारखं करून घ्या.

१३. राहायला जागा दिली की झालं ना? एवढ्या स्वयंसेवकांची गरज काय?

किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) लातूर-धाराशिवची ५२ गावं नव्या जागी बसवली. सरळ रस्ते, आखीव प्लॉट, सिमेंटची घरं. घरं पक्की होती, त्याबद्दल वाद नाही. पण जुन्या वाड्याची ओसरी, गोठा, समोरासमोरची दारं त्या आखणीत बसली नाहीत. लोकांनी पुढे वर्षानुवर्षं आपल्या हाताने पडव्या काढल्या, गोठे जोडले. दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या, घरोघर जाऊन काय हवं ते विचारू लागल्या, आणि त्यातूनच कित्येक बचतगट उभे राहिले.

गावात माणसाला दुकानदार उधारी देतो, गुरुजी मुलाला ओळखतात, दवाखान्यात कुणीतरी पुढे होतं. शहरात यातलं काहीच नसतं. स्वयंसेवक ती जागा काही महिने भरतो. नंतर त्याने बाजूला व्हायचं.

१४. मला स्वयंसेवक व्हायचं आहे. किती वेळ लागेल आणि करायचं काय?

आठवड्यातले चार तास, सहा महिने. यापेक्षा जास्त देतो म्हणणारे दुसऱ्या महिन्यात गळतात, असा आमचा अनुभव आहे. काम तीन प्रकारचं. एक, सोबत जाणं : शाळा, तहसील, बँक, घाटी. तिथे आपण बोलायचं नाही, त्यांना बोलू द्यायचं. साहेब आपल्याशी बोलायला लागले तर "ताईंनाच विचारा" म्हणायचं. दोन, फॉर्म भरणं. तीन, खोलीवर गेल्यानंतर महिन्यातून दोनदा चक्कर मारणं, आणि जेवायला आग्रह केला तर जेवणं. भाकरी नाकारू नका. तुम्ही कायम देणारे आणि ते कायम घेणारे, असं झालं की घरात अवघडलेपण येतं.

वयाने मोठ्या माणसाला एकेरीत बोलायचं नाही. "कशाला एवढी लेकरं झाली?" हा प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही दुसऱ्या दिवशी बोलावत नाही.

१५. जुने कपडे कुठे आणून देऊ?

कृपया नको. आमची एक खोली दोन वर्षं कपड्यांनीच भरलेली होती : लग्नातले ब्लेझर, उसवलेल्या साड्या, एक पोहण्याचा पोशाख. ती खोली रिकामी केली आणि तिथे एक कुटुंब राहतं. द्यायचंच असेल तर नवे टॉवेल, सॅनिटरी पॅड, शाळेचे बूट (माप विचारून), डाळ, तेल, आणि ड्रम.

१६. वाढदिवसाला मुलांसोबत जेवण द्यायचं आहे. फोटो काढता येईल?

जेवण द्या, फोटो नाही. केकही शक्यतो नको. त्या मुलांचेही वाढदिवस असतात आणि ते कुणी विचारत नाही. काहीजण शाळेत सांगत नाहीत की आपण निवाऱ्यात राहतो, एका फोटोने ते उघडं पडतं. नवऱ्यापासून लपून आलेल्या बाईच्या बाबतीत तर फोटो म्हणजे पत्ताच.

१७. एका कुटुंबाने माझ्याकडे पाच हजार मागितले. देऊ का?

हातात देऊ नका, आम्हाला सांगा. तुम्ही दिलेत तर ते तुम्हाला टाळू लागतील. उसने घेतलेला माणूस समोर यायला लाजतो, आणि तुमची चक्कर (प्रश्न १४) बंद पडते. गल्ल्यातून दिले तर हप्ता ठरतो, चिठ्ठी होते, मान राहतो. गल्ल्याचे बहुतेक पैसे परत येतात. दवाखान्याची तातडी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी द्या आणि मग फोन करा. मोठ्या आजाराला महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, रेशन कार्डावर काम होतं.

१८. मुकादम शोधत आला. म्हणतो उचल फेडा, नाहीतर चला. काय करायचं?

ऊसतोडीला टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) खरी असते, आणि म्हणूनच माणूस दबतो. पण पैसे बाकी आहेत म्हणून माणसाला किंवा त्याच्या बायको-मुलाला जबरीने कामावर नेणं हे वेठबिगारीत मोडतं. १९७६ च्या कायद्याने ते बंद आहे आणि तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. दारात दमदाटी झाली तर ११२.

स्वयंसेवकांनी मधे पडून तोडपाणी करू नये. एकदा आमच्या एका उत्साही दादांनी ती केली, पैसे गेले आणि पुढच्या महिन्यात दुसरा मुकादम आला. व्यवहाराचा हिशेब कागदावर मांडायला सांगायचं. किती टन ऊस तोडला ते लिहिलं की उचलीचा आकडा बऱ्याचदा उतरतो.

१९. बाई एकटी आली आहे, मारहाणीच्या खुणा आहेत. तुमच्याकडेच ठेवता का?

पहिली रात्र हो. दुसऱ्या दिवशी तिला विचारून १८१ वर किंवा सखी वन स्टॉप सेंटरला. तिथे पोलीस, दवाखाना, वकील एका छताखाली मिळतात आणि पाच दिवसांपर्यंत राहता येतं. पुढे शक्ती सदन, म्हणजे महिलांचं शासकीय निवास. तिथे मुली सोबत राहू शकतात, मुलगा साधारण १२ वर्षांपर्यंतच. थोरला मुलगा असेल तर अशी बाई आमच्याकडेच राहते, कारण पोराला सोडून ती कुठेच जाणार नाही, आणि तिने का जावं?

घर सोडलं म्हणजे हक्क सुटला असं नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा (२००५) तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क देतो. नवरा "समजूत काढायला" आला तर निवाऱ्यात ती आहे की नाही, हेही सांगायचं नाही. आपल्या भागात हे काम नवं नाही. अंबाजोगाईत डॉ. शैला लोहिया यांनी 'मनस्विनी'तून परित्यक्ता बायकांसाठी ते उभं केलं, तेव्हा असा कायदाही नव्हता.

२०. स्टँडवर एकटं मूल सापडलं. रात्रभर माझ्या घरी ठेवू का?

मनात चांगलं असलं तरी नको. १०९८ लावा. असं मूल सापडल्यावर २४ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे, आणि पुढचा निर्णय बालकल्याण समितीचा असतो. आम्हीही एकट्या मुलाला ठेवून घेऊ शकत नाही.

२१. कुटुंबासोबत आलेली सून १८ च्या आतली आहे, असं वाटतं. बोललो तर कुटुंब पळून जाईल. गप्प बसू का?

सर्वांत अवघड प्रश्न हाच. उचलीवर जाताना जोडी लागते, पोरीला पालात एकटं ठेवायची भीती असते, म्हणून लग्न उरकतात. कारण कळतं, पण गप्प बसता येत नाही. पोक्सो कायद्याखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे, आणि ती गरोदर असेल तर दवाखाना कळवणारच. आम्ही कुटुंबाला अंधारात ठेवत नाही. आमच्यातल्या एक ताई तिच्याशी एकटीशी बोलतात, मग सासू-सासऱ्यांना सांगतात की आम्हाला कळवावं लागेल आणि आम्ही सोबत येऊ. एक कुटुंब खरंच रात्रीतून निघून गेलं. तिच्या गरोदरपणाचं कार्ड आमच्याच कपाटात राहिलं, आशाताईंनी गावच्या आशाताईंना फोन करून ते पोचवलं. बाकीची थांबली.

२२. पाऊस पडला की कुटुंब गावाकडे परत निघतं. मग केलेलं सगळं वाया गेलं का?

हा प्रश्न देणगीदार विचारतात, कुटुंबं विचारत नाहीत. मृग लागला की निम्मी घरं अस्वस्थ होतात. कोरडवाहू दोन एकर असली तरी पेरायची असते. काही जण दसऱ्याला परत येतात, काही येत नाहीत. जाताना चार गोष्टी बघा : मुलांची नोंद 'सरल'वर वळवायला सांगा, गल्ल्याचा हप्ता ठरवून जा, बांधकाम मंडळाच्या नोंदणीचं नूतनीकरण कधी आहे ते लिहून घ्या, आणि खोलीच्या मालकाला महिनाभर आधी कळवा, म्हणजे पुढच्या कुटुंबाला तोच मालक हो म्हणतो. ड्रम मात्र इथेच ठेवून जायचा. झाकणावर तीन नावं खोडलेला आमचा एक निळा ड्रम सध्या चौथ्या घरी आहे.